शुक्रवारचा मैल

मोटारीच्या पाठीवर सायकली बांधून आमच्या टिलिस गावात येणाऱ्या शहरी लोकांमध्ये एक गोष्ट फार चालते. मिस व्हर्लीनची लग्नातली अंगठी म्हणे या सायकलवाटेवर कुठंतरी पडली, आणि तेव्हापासून बिचारी रोज पहाटे झाडू घेऊन तीच शोधत फिरते. वाटेच्या तोंडाशी माझ्या आईची उकडलेल्या शेंगांची टपरी आहे. तिथं उभं राहून मी ही गोष्ट वीसेक तोंडांतून ऐकली, आणि दर तोंडागणिक अंगठी वाढत गेली. मे महिन्यात ती साधी सोन्याची होती. जूनमध्ये तिच्यात हिरा आला. जुलैत घट्ट निळी चड्डी घातलेल्या एका दातांच्या डॉक्टरांनी आपल्या बायकोला अगदी खालच्या आवाजात सांगितलं की नवरा लढाईवरून परतलाच नाही गं, तेवढी अंगठीच काय ती मागे उरली होती. बायकोनं डोळे टिपले. मिस व्हर्लीन तेव्हा त्यांच्या मागेच उभी होती. ही दोघं बाकावरून कधी उठतात आणि आपल्याला कधी टेकायला मिळतंय, याची ती वाट बघत होती.

अंगठी तिच्या बोटातच आहे. सांधे सुजल्यापासून निघत नाही. साबण झाला, लोणी झालं, दवाखान्यातल्या नर्सबाईनं दोरा गुंडाळून ओढून पाहिलं. आणि नवरा लढाईला कधी गेलाच नव्हता. तो टॅम्पाला गेला, आणि तिथं दुसऱ्या बायकोबरोबर मजेत आहे. (आमच्याकडे थोरल्या बाईच्या नावाआधी मिस लागतं. तिची लग्नं किती झाली हे कुणी मोजत बसत नाही.)

खरी भानगड अंगठीची नाही, कागदाची आहे.

अकरा वर्षांपूर्वी जुन्या आगगाडीचे रूळ उखडून त्या जागी डांबर टाकलं, आणि गावापासून नदीच्या कडेकडेनं कोल्सनच्या झऱ्यापर्यंत सहा मैलांची वाट तयार झाली. मोटारी बंद, फक्त सायकली आणि पायी चालणारे. ती झाडून ठेवायला जिल्ह्याकडे माणसं नव्हती, म्हणून जिल्ह्यानं आमच्या चर्चमध्ये एक कागद पाठवला, की वाटेचे मैल दत्तक घ्या. एका रकान्यात नाव लिहायचं, दुसऱ्यात आकडा. त्याच रविवारी त्याच टेबलावर दुसरा कागद होता, चर्चच्या वार्षिक जेवणाचा. त्यातही एका रकान्यात नाव, दुसऱ्यात आकडा. मिस व्हर्लीनचा चष्मा गाडीत राहिला होता. समोर जो कागद आला त्यावर तिनं पहिल्या ओळीत नाव घातलं आणि पुढं ठसठशीत सहा लिहिलं. सहा भांडी बटाट्याचं सॅलड, असा तिचा हिशेब.

तीन आठवड्यांनी खोकं आलं. नारिंगी जाकिटं, हातमोजे, फाटकाची किल्ली आणि आभाराचं पत्र. पाद्री हॅचर यांनी ते पत्र प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर वाचलं. त्यांची एक लकब आहे. वाक्याचा शेवटचा शब्द ते हळूच खाली ठेवतात, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा. "आपल्या भगिनी व्हर्लीन स्टब्ज यांनी सहाच्या सहा मैल… घेतले." सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. आता टाळ्या वाजत असताना कोण सांगणार की बाबांनो, मी बटाट्यांचं म्हणत होते?

लाजेकाजेस्तव आणखी अकरा बायकांनी तिच्याखाली नावं लिहिली. त्यातली एक लेकीकडे जॅक्सनव्हिलला राहायला गेली, दोघी देवाघरी गेल्या, एकीचं माकडहाड मोडलं, एकीला धुळीनं शिंका यायच्या. माझी आई दोन शनिवार टिकली. तिसऱ्या शनिवारी तिला टपरी काढायची बुद्धी झाली. वाटेच्या तोंडाशी अजून फलक आहे, ही वाट चर्चच्या भगिनी मंडळानं सांभाळली आहे म्हणून. मंडळ म्हणजे मिस व्हर्लीन. मी एकदा विचारलं होतं, की मग तुम्ही नाव का नाही खोडलंत. ती म्हणाली, खोडायला कुणी पेन दिलं नाही.

ती एकाहत्तर वर्षांची आहे. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. माझी आई त्या बसमध्ये होती, आईचे भाऊ होते, अर्धं गाव होतं. बस सुटली पण सवय सुटली नाही. बोलायच्या आधी ती नाकातून एक लांब श्वास सोडते, थेट बसचं दार उघडल्यासारखा, आणि मग आतून एक एक शब्द सावकाश उतरतो. गावातल्या बऱ्याच माणसांच्या नकला मी करते, पण मिस व्हर्लीनची नक्कल करताना आधी दमायला लागतं. पाच मिनिटं अंगण झाडल्याशिवाय तो श्वास येतच नाही.

तिनं सहा मैलांचे सहा वार केले आहेत. सोमवारचा मैल गावाला लागून. गुरुवारचा लोखंडी पुलापाशी संपतो. पुलापलीकडे शुक्रवारचा, आणि त्यापुढं झऱ्यापर्यंत शनिवारचा. रविवारी चर्च. तिची तीनचाकी सायकल आहे, मागं मोठी टोपली. टोपलीत रुंद झाडू, दाताळं, मोठी कात्री आणि भाचा टेरेल यानं पाठवलेलं पाला उडवायचं बॅटरीवरचं यंत्र. बॅटरी अर्ध्या मैलात मरते. उरलेला अर्धा मैल झाडूनं. वाचून वाटतं, पाला तो किती असणार. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओक एकदम सगळी पानं टाकतात, मग त्यांचे पिवळे तुरे पडतात, मग वादळं सुरू झाली की फांद्या, ताडाच्या जातीच्या झुडपांची झापं, वाहून आलेली वाळू, मग ओकची फळं. ती तर छर्ऱ्यांसारखी चाकाखालून सटकतात. पाइनच्या सुया बारा महिने. शनिवारी शेवटचा मैल झाडून ती वळते तेव्हा सोमवारच्या मैलावर काही झाडलं होतं अशी खूणही राहिलेली नसते.

आणि वर ते सायकलवाले. मागून येताना ओरडायची रीत आहे, "डावीकडून!" कुणी ते वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यासारखं म्हणतो, कुणी पोलिसांनी पकडल्यासारखं. ओहायोहून इथं राहायला आलेले एक म्हातारे आहेत, ते तर माफी मागितल्यासारखं म्हणतात आणि नेमके उजवीकडून जातात. रविवार सोडून एखाद्या सुट्टीला क्लबची पंधरा जणांची रांग आली की पंधराच्या पंधरा जणांना ते म्हणायचंच असतं. मिस व्हर्लीन पंधरा वेळा झाडू उचलून कडेला होते. सोळाव्या वेळी, कुणीच नसताना, ती पुन्हा एकदा कडेला होते आणि मागं वळून बघते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हसायला आलं होतं, पण तिनं तसंच उभं राहून झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले, तेव्हा माझं हसणं तोंडातच राहिलं.

संध्याकाळी ती ओसरीवर खुर्चीत बसलेली असते. बूट तसेच. काढायचे तर वाकावं लागतं, आणि वाकलं तर परत वर यायची खात्री नाही, असं तिचं म्हणणं.

या वर्षी एप्रिलमध्ये जिल्ह्याचे प्रुएट साहेब आले. बागा आणि वाटा त्यांच्याकडे आहेत. माणूस भला आहे, पण प्रत्येक आकड्याआधी "म्हणजे बघा" म्हणतो, आणि आकडा असा सांगतो की जणू तो त्याच्याच पोटातून निघतोय. पुलापलीकडच्या दोन मैलांत ओकच्या मुळांनी डांबर उचललं होतं. सायकलीवरून गेलं की दात वाजायचे. साहेबांनी सांगितलं, दुरुस्तीला खर्च फार आहे. तिकडं माणसं किती जातात ते आम्ही चार महिने मोजू. दिवसाला सरासरी शंभर निघाली तर नवं डांबर. नाही निघाली तर ते दोन मैल बंद, पुलापाशी फाटक, पुढं वाट रानाला परत. ज्यांना झऱ्यावर जायचं त्यांनी मोटारीनं हमरस्त्यावरून जावं.

मग त्यांनी शुक्रवारच्या मैलावर एक खांब रोवला. त्यात एक डोळा होता. समोरून काही गेलं की लाल टिपका मिचकायचा आणि आत एक आकडा वाढायचा.

गावाला एकदम वाटेचा पुळका आला. आईनं टपरीवर पाटी लावली, झऱ्याला जा, शेंगा घेऊन जा. पाद्री हॅचर यांनी प्रवचनात निळ्या पाण्याचा विषय काढला. तो झरा आहेही तसा. ओकांवरून दाढ्यांसारख्या लोंबणाऱ्या शेवाळाखालून, अंधारातून यावं आणि समोर एकदम तळापर्यंत दिसणारं निळं पाणी, उन्हाळा असो की जानेवारी, तितकंच गार. माझ्या आईला त्या पाण्यात बाप्तिस्मा दिला, मलाही. मोटारीनं गेलं तर मोटारींचा तळ लागतो, तिकिटाची खिडकी लागते. वाटेनं गेलं तर नुसता झरा लागतो. म्हणून सगळ्यांना ती वाट हवी होती. फक्त सायकलीवर बसून तिकडं जायला कुणाला सवड नव्हती.

मेची सरासरी आली चौसष्ट. जूनची एकाहत्तर. लोकांचे चेहरे उतरले. आणि ऑगस्टच्या पहिल्या दिवशी प्रुएट साहेब टपरीवर स्वतः आले, शेंगांची पिशवी घेतली आणि म्हणाले, "म्हणजे बघा, जुलै. एकशे… अठ्ठ्याऐंशी." आईनं त्यांच्याकडून शेंगांचे पैसे घेतले नाहीत. त्या रविवारी पाद्री हॅचर यांनी देवाचे आभार मानले आणि "अठ्ठ्याऐंशी" हा शब्द इतक्या हळुवारपणे खाली ठेवला की मागच्या बाकावर कुणीतरी रडलं.

नंतरच्या शुक्रवारी मी झऱ्यावर पोहायला निघाले होते. पुलापलीकडे मिस व्हर्लीन खांबासमोर उभी दिसली. झाडू खाली पडला होता. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "ज्युनेल, इकडं ये. गिऱ्हाइकं बघ."

वरच्या फांदीवरून रानद्राक्षाची एक वेल लोंबत आली होती, अगदी खांबाच्या त्या डोळ्यासमोर. वारा आला, वेल हलली, लाल टिपका मिचकला. वेल परत आली, पुन्हा मिचकला. मला हसू आवरेना. मी वेलीच्या प्रत्येक झोक्याला एकेक आवाज दिला. डावीकडून, वाढदिवसवाला. डावीकडून, पोलीसवाला. ओहायोचे आजोबा, उजवीकडून. पाचसहा सायकलवाले करून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एकटीच हसतेय.

मिस व्हर्लीन टोपलीतून कात्री काढत होती.

मी तिचा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. मी भराभरा बोलायला लागले, की चारच आठवडे उरलेत, वेल आपण नाही लावली, देवानं लावली, तुम्ही नुसतं बघितलं नाही असं समजा. आईच्या टपरीचं सांगितलं, चर्चचं सांगितलं, बाप्तिस्म्याचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ते बसचं दार उघडलं.

"मी दर शुक्रवारी इथल्या वेली कापते," ती म्हणाली. "गेला महिनाभर मान वर करायचं त्राण नव्हतं, म्हणून ही वाढली. ही देवाची नाही बाळ, माझ्या आळसाची आहे."

"पण हा भाग बंद झाला तर?"

"तर आठवड्यातले दोन दिवस कमी होतील."

मग मला जे वाटलं ते मी बोलून गेले. "म्हणजे तुम्हाला बंदच व्हायला हवाय."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती तीनचाकीच्या सीटवर टेकली आणि कात्री मांडीवर ठेवली. पुढच्या मैलाकडे, झाडांच्या त्या बोगद्याकडे बघत राहिली. "शनिवारचा मैल मला सगळ्यांत आवडतो," ती म्हणाली. "आणि सगळ्यांत जड तोच आहे. आवडतो म्हणून काही पाठ दुखायची थांबत नाही. बंद होऊ नये असं मला वाटतं. आणि झाला तर मी झोपेन, असंही वाटतं. आता यातलं कुठलं पाप आहे ते तू पाद्र्यांना विचार, मला तिथवर चालत जायचा कंटाळा आलाय."

वारा पडला होता, टिपका मिचकत नव्हता. तिनं गुडघ्यावर हात देऊन स्वतःला उभं केलं, हात वर केला, आणि वेल कापली. खाली पडलेला तुकडा दाताळ्यानं ओढून झुडपात टाकला.

"नसलेल्या माणसांसाठी कोण झाडणार?" ती म्हणाली. "असलेल्यांनीच जीव नकोसा केलाय."

मी हे कुणालाही सांगितलं नाही. आईलाही नाही. टपरीवर येईल त्याला पुलापलीकडे पिटाळत होते. त्या महिन्यात मी स्वतः सोळा वेळा त्या खांबासमोरून गेले, आणि तेही खरोखर झऱ्यापर्यंत जाऊन, कारण नुसतं पुढं-मागं करायला गेले तेव्हा मिस व्हर्लीनच्या कात्रीचा आवाज कानात यायला लागला. ऑगस्टची सरासरी आली बासष्ट.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी जिल्ह्याच्या सभागृहात बैठक होती. चर्चच्या बायका टोप्या घालून पहिल्या दोन रांगांत. मिस व्हर्लीन तिसऱ्या रांगेत टोकाला, पाय लांब करता यावेत म्हणून. समोर पाच सभासद, आणि बाजूला प्रुएट साहेब कागद घेऊन उभे. त्यांनी चारी आकडे वाचले. "म्हणजे बघा, सरासरी निघते शहाण्णव." सभागृहात उसासा झाला. तेवढ्यात साहेबांनी हात वर केला आणि फार प्रेमानं सांगितलं, की चार माणसं म्हणजे काय, एका घरची सहल. चार माणसांसाठी वाट बंद करावी असं मला तरी वाटत नाही, सभासदांनी विचार करावा. सभासद माना डोलवायला लागले. आईनं माझा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली.

आणि मग, चांगल्या मनाच्या माणसाला जे हटकून सुचतं ते प्रुएट साहेबांना सुचलं. ते म्हणाले, आकडे सोडा, या वाटेला ज्यांनी अकरा वर्षं सांभाळलं त्या इथं बसल्या आहेत, त्यांनीच दोन शब्द सांगावेत. पहिल्या रांगेनं वळून टाळ्या वाजवल्या. पुन्हा टाळ्या. मिस व्हर्लीनला उठायला वेळ लागला. पुढच्या खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली आणि तो श्वास सोडला.

"जुलैत रानद्राक्षाची वेल होती," ती म्हणाली.

साहेब हसले. त्यांना वाटलं ही निसर्गाबद्दल बोलतेय.

"खांबासमोर लोंबत होती. वारा आला की मोजली जायची. ऑगस्टात मी ती कापली."

"म्हणजे बघा," साहेब म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यापुढं आकडा आला नाही. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे जुलैचा आकडा…"

"वेलीचा आहे. माणसं साठ-पासष्ट असतील. चांगली माणसं आहेत, पण तेवढीच आहेत."

ती बसली. मागून कुणीतरी पुटपुटलं, हिला विचारलं कुणी होतं. मिस व्हर्लीननं मान न वळवता सांगितलं, "साहेबांनी."

पाच हात वर झाले. सप्टेंबरअखेर पुढचे दोन मैल बंद.

तिला कुणी रागावलं नाही. रागावायला तोंड कुणाला होतं? त्या सभागृहात टोप्या घालून बसलेल्यांपैकी त्या वर्षात पुलापलीकडे सायकल नेलेली एकही नव्हती. पण लोक तिच्याशी हलक्या आवाजात बोलायला लागले, आजारी माणसाशी बोलतात तसं. पाद्री हॅचर यांनी सत्यावर प्रवचन दिलं आणि प्रवचनभर तिच्याकडे बघायचं टाळलं. माझी आई म्हणाली, बाई खरी आहे, पण खरं बोलायला तिला तीन आठवड्यांनी नसतं का जमलं? मिस व्हर्लीनला हे सगळं कळत होतं. तिनं काहीच केलं नाही. सोमवार ते शनिवार, एकेक मैल.

शेवटच्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. पुलापाशी फाटक आधीच रोवलं होतं, फक्त उघडं होतं. सोमवारी कुलूप लागणार. आणि मिस व्हर्लीन तो शेवटचा मैल नेहमीसारखाच झाडत होती, उचललेल्या मुळांच्या खाचांतून झाडूची कड फिरवून सुया काढत होती. सोमवारनंतर इथं रानडुक्कर फिरणार, हे कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, आज शनिवार आहे. तेवढंच.

मधे दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा खूप वेळ उठली नाही. ओहायोचे आजोबा आले, उतरले, टोपी काढली आणि पुढं गेले. या वेळी डावीकडून.

झऱ्यापाशी पोचायला अकरा वाजले. पाण्यात उतरायच्या दगडी पायऱ्यांवर ती बसली आणि मला म्हणाली, पोरी, तेवढे बूट सोड. मी नाड्या सोडल्या. पायांवर मोज्यांचे वळ उठले होते, घोटे सुजले होते. तिनं पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटून घेतले. अकरा वर्षं दर शनिवारी ती झऱ्यापर्यंत येत होती, आणि पाण्यात पाय घालायची ही तिसरी की चौथी वेळ, असं तिनं सांगितलं. नेहमी परतायची घाई असायची.

मला राहवेना. मी म्हटलं, हे सगळं ठीक आहे मिस व्हर्लीन, पण मला माहितेय काय होणार ते. शुक्रवारी पहाटे साडेपाचला तुम्ही फाटकाखालून वाकून आत जाणार आणि झाडणार. एकतीस वर्षं बस, अकरा वर्षं झाडू. तुमच्या अंगाला झोप ठाऊकच नाही. सगळं गाव हेच म्हणतंय.

तिनं एक डोळा उघडला. "सगळं गाव?"

"आईसुद्धा. पाद्रीसुद्धा."

"पैज लावतेस?"

मी दचकले. ही बाई चर्चच्या लॉटरीचं तिकीट घेत नाही. तिनं लगेच सांगितलं, पैसे नकोत, पैशानं पाप लागतं. न्याहारी. मी शुक्रवारी वाटेवर दिसले, तर तुला तळलेले मासे आणि मक्याच्या कण्या करून घालीन. नाही दिसले, तर माझ्या घरी येऊन तू करायचंस, आणि मी खुर्चीतून उठणार नाही. मी हात पुढं केला. ज्याच्यावर पैज लावायला सगळं गाव तयार, त्यात कसली भीती?

शुक्रवारी मी पाचला फाटकापाशी जाऊन उभी राहिले. अंधार होता, नदीवर धुकं. साडेपाच झाले, सहा झाले. दरवेळी पाला सळसळला की मला झाडू वाटायचा. एकदा खवल्यामांजरासारखं चिलखतवालं जनावर निघालं, एकदा नुसताच वारा. उजाडलं तसं फाटकापलीकडचं डांबर दिसायला लागलं. आठवडाभराच्या पाइनच्या सुया त्यावर पडल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला, कुणीही न हलवलेल्या. दोन सायकलवाले आले, फलक वाचला, फाटकावर हात टेकून थोडा वेळ पलीकडे बघितलं आणि वळले. साडेसात झाल्यावर मात्र तिला काही झालं तर नसेल, असं मनात आलं. मी सायकलीवर टांग टाकली आणि सुसाट तिच्या घरी गेले.

तीनचाकी ओसरीखाली होती, झाडू टोपलीतच. पडदे ओढलेले. मी खिडकीच्या जाळीला कान लावला. माझ्या कानांनी गावातले सगळे आवाज ऐकलेत, पण असं घोरणं मी कधी ऐकलं नव्हतं. लांब, संथ, कुठंही न थांबता, जसं कुणी हाक मारणार नाही हे त्याला माहीत आहे. मी पायरीवर बसून राहिले.

पावणेदहाला दार उघडलं. तिच्या अंगावर झगा होता, गालावर उशीची घडी उमटलेली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्या बुटांना चिकटलेल्या सुया बघितल्या.

"किती वाजल्यापासून उभी होतीस?"

"पाच."

"अरेरे," ती म्हणाली, आणि पुढं होऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली. मासे फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात आहेत, कढई ओट्याखाली, आणि कण्या ढवळत राहायच्या, हात काढायचा नाही, नाहीतर गाठी होतात.

गाठी झाल्याच. मासा एका बाजूनं करपला. तिनं सगळं खाल्लं, ताटलीत बोटभरसुद्धा ठेवलं नाही, आणि मीठ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतं तेही मला आणायला लावलं. एकदासुद्धा उठली नाही.